न आलेल्या मालावर सही: अडचणीत सापडलेल्या एका ख्रिस्ती बंधूला उत्तर

प्रश्न (थोडक्यात): मी एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळतो. अकरा वर्षांच्या मुलाच्या हृदयाला छिद्र आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. काही महिने पगार अर्धाच मिळतोय. तपासण्यांसाठी एकाकडून व्याजाने पैसे घेतले, बायकोला खरा आकडा माहीत नाही. मालक न आलेल्या मालाच्या बिलावर ‘माल मिळाला’ अशी सही मागतो आणि त्याबद्दल वर थोडे पैसे देतो. एकदा केली, आता परत मागतोय. मंडळीचा खजिनदारही मीच आहे, पण तिथे कुणाला काही बोललो नाही. एका सभेत पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं की घरात आजार टिकून राहतो तो लपलेल्या पापामुळे किंवा अविश्वासामुळे. त्यानंतर प्रार्थनाच होत नाही. माझा विश्वास संपला का? आणि अशा वेळी सही केली तर देव समजून घेणार नाही का? मुलाला काय सांगू?

उत्तर:

जय ख्रिस्त.

तुम्ही सहीचा प्रश्न वेगळा लिहिलाय आणि प्रार्थनेचा वेगळा. मी पाळक म्हणून बरीच वर्षं घरोघर हिंडलो, त्यामुळे मला दोन्हींची मुळी एकच दिसते. बायकोला आकडा माहीत नाही. मंडळीला आजार माहीत नाही. उपासनेनंतर कुणी विचारलं तर तुम्ही “प्रभूच्या कृपेने ठीक” म्हणत असणार. देवाशीही काही महिने असंच चांगलं-चांगलं बोलून पाहिलं असेल आणि मग बोलणंच थांबलं असेल. कारखान्यातल्या वहीत खोटी नोंद व्हायच्या आधीपासून तुमच्या आयुष्याच्या बाकीच्या वह्यांत खोट्या नोंदी पडत होत्या. हे दोष द्यायला म्हणत नाही. आपल्या मंडळ्यांत गरिबी आणि आजार लपवावा लागतो, ही आपली जुनी खोड आहे, आणि तिचा दोष तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घालणं अन्याय होईल.

आधी त्या उपदेशकांचं निस्तरू, कारण तो काटा काढल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय, असं येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तिथेही उत्तर तेच: याचंही नाही, आईबापांचंही नाही. आता प्रभूने जे दोनदा नाकारलं ते कुणी माइकवरून ठणकावून सांगत असेल, तर तुम्ही प्रभूचं ऐका. अशा सभांतून पुढे ‘विश्वासाचं बी पेरा’ म्हणत पाकीट फिरवतात, तेही मी पाहिलेलं आहे. आजारी लेकराच्या बापाकडून असा पैसा घेणाऱ्यांबद्दल माझ्या मनात फारसा आदर नाही. आणि कुणी औषध बंद करून नुसता उपवास करायला सांगितला, तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. मुलाच्या हृदयातलं छिद्र जन्मापासूनचं असतं. आईच्या पोटात हृदयाचा पडदा पुरता जुळला नाही, एवढंच त्याचं कारण. त्यात तुमच्या प्रार्थनेचा कमीजास्तपणा कुठे बसत नाही.

आता विश्वास संपला का, हा प्रश्न. ईयोबाचं पुस्तक आपल्याकडे पहिला अध्याय आणि शेवटचा अध्याय एवढंच वाचतात. परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, आणि शेवटी दुप्पट मिळालं. मधल्या बऱ्याच अध्यायांत ईयोब भांडतो. जन्माचा दिवस शापतो, देवाला कोर्टात उभं करायला निघतो. मित्र मात्र देवाच्या बाजूने फार शहाणपणाचं बोलतात. बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र बघा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीही मी स्तुती करीन’ असं काही येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि शतकानुशतकं मंडळी ते देवापुढे वाचत आली आहे. तेव्हा आज रात्री तुम्हाला फक्त “देवा, माझा तुझ्यावर राग आहे” एवढंच म्हणता आलं तर तेवढंच म्हणा. तेही जमलं नाही तर हे स्तोत्र मोठ्याने वाचा. ती प्रार्थनाच आहे, आणि गेल्या काही महिन्यांतली बहुधा तुमची पहिली खरी प्रार्थना असेल.

झोपा सुद्धा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला घातलं. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्री काढणाऱ्या माणसाला विश्वास आटल्यासारखा वाटतो, त्यातला निम्मा भाग जागरणाचा असतो.

इथे मला पंडिता रमाबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहायचंय. आपण त्यांना केडगावच्या मुक्ती मिशनच्या थोर बाई म्हणून हार घालतो आणि तिथेच थांबतो. तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध वेगळ्याच ठिकाणी येतो. दुष्काळात आई, वडील, बहीण अशी एकामागून एक गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ साली पटकीने नवरा गेला, तेव्हा मांडीवर तान्ही मनोरमा. वैद्यकी शिकायचं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तर ऐकायला कमी येतं म्हणून तेही दार बंद झालं. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात आसरा मिळाला, तिथेच त्याच वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा झाला. म्हणजे परका देश, पदरात मूल, डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याचं. अशा वेळी त्या भगिनी आणि पाळक सांगतील ते सगळं ‘मान्य’ म्हणून टाकणं किती सोपं होतं! रमाबाईंनी ते केलं नाही. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धान्ताबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल जे मनाला पटलं नव्हतं ते पटलं नाही असं त्यांनी त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांतून स्पष्ट कळवलं. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं ते दुसरं घालून घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी १८८५ मध्ये लिहिलं. त्यांच्या सगळ्याच म्हणण्याशी मी सहमत आहे असं नाही, पाळकाला ते परवडतही नाही. पण ज्यांचं अन्न खातो त्यांच्यापुढे न पटलेल्या गोष्टीवर सही न करणारी ही बाई मला केडगावच्या रमाबाईंइतकीच मोठी वाटते.

पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला कळलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता. आठ वर्षं! आणि या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत जाऊन आल्या, मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. म्हणजे आत सगळं स्थिरस्थावर झाल्यावर मग नीट वागू, असा त्यांचा हिशेब नव्हता. सदन पुढे पुण्यात आलं आणि १८९३ मध्ये तिथे वादळ उठलं, सल्लागार मंडळातले मोठे लोक बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आरोप काय, तर मुली यांच्या प्रार्थनेला जाऊन बसतात. प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार लावून घेतलं असतं तर कदाचित बरंच निभावलं असतं. त्यांनी दार उघडंच ठेवलं. सक्ती करणार नाही आणि लपवणारही नाही, अशी ती भूमिका होती. नुकसान झालं ते झालं.

तुमच्या मालकापुढे उभं राहताना हे आठवा, पण पोवाडा गाऊ नका. आपल्यातले काही बंधू अशा वेळी साहेबाला वचनं ऐकवतात, नोकरी गमावतात आणि मग साक्ष देत फिरतात की ख्रिस्तासाठी छळ झाला. पेत्राने बजावलंय की दुःख भोगायचं ते चांगल्यासाठी असावं, लुडबूड केल्याबद्दल नव्हे. दानीएलाची रीत बघा. राजाच्या ताटातलं अन्न नको होतं, तर त्याने अधिकाऱ्याकडे विनंती केली, पर्याय दिला, दहा दिवसांची मुदत मागितली. अधिकाऱ्याची मान अडकणार नाही याचाही विचार केला. तुम्हीही मालकाला एकट्याला गाठून शांतपणे सांगा: “साहेब, माल गेटवर आला, वजन झालं, की त्याच मिनिटाला सही करतो, रात्री बोलावलं तरी येतो. न आलेल्या मालावर मात्र माझी सही घेऊ नका. उद्या काही निघालं तर पहिला मी अडकेन आणि माझ्या मागे तुम्ही.” यात उपदेश नाही आणि खोटंही नाही. माल न येता बिलं फिरवणं हा जीएसटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि चौकशीत कागदावर ज्याची सही असते तो पहिला सापडतो. पुष्कळदा मालकालाही हे कुणी तोंडावर सांगितलेलं नसतं.

ऐकेल का? सांगता येत नाही. राजाच्या मूर्तीपुढे वाकायला नकार देणारे दानीएलाचे सोबती शद्रख, मेशख, अबेदनगो भट्टीपुढे काय म्हणाले ते अर्धंच आपण लक्षात ठेवतो. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, हे ते म्हणाले. पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही वाकणार नाही, हेही म्हणाले. नोकरी गेली तर? म्हणून आजपासूनच दुसरीकडे शब्द टाकून ठेवा, ओळखीच्या स्टोअरवाल्यांना सांगा. अर्ध्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे जपून ठेवा, थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. विश्वासाने चालणारा माणूस कागदपत्रं ठेवत नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

देव समजून घेणार नाही का, असं तुम्ही विचारलंत. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस फार प्रामाणिक प्रार्थना करतो: मला फार गरिबी देऊ नको, नाहीतर मी चोरी करीन आणि तुझ्या नावाला बट्टा लावीन. गरिबीत हात वाकडा पडतो हे शास्त्राला पुरतं माहीत आहे, त्याचं नवल नाही. पण आगूर हे आधी बोलतो. मोहाचं नाव घेऊन देवाकडे मदत मागतो. सही करून झाल्यावर ‘तू समजून घे’ म्हणणं वेगळं.

एकदा सही झालीय तिचं काय? त्यापायी मिळालेले पैसे खर्च झाले असतील तरी आकडा लिहून ठेवा, आणि उरले असतील तर हात लावू नका. जकातदार जक्कयाने येशूचं घरी स्वागत केलं तेव्हा पश्चात्ताप भावनेत सांगितला नाही, आकड्यात सांगितला: ज्याचं लुबाडलं त्याचं चौपट परत. मालकाला सांगा की ती नोंद दुरुस्त करायची आहे आणि ते पैसे मला नकोत. हे करायच्या आधी एखाद्या भरवशाच्या वकिलाशी किंवा हिशेबनीसाशी बोला, कारण चुकीची नोंद सुधारायची एक रीत असते आणि कागद अर्धवट समजून घेऊन लिहिलेला कबुलीनामा भलत्यालाच गोत्यात आणतो. सल्ला घेणं म्हणजे पळवाट काढणं नव्हे. परिणाम भोगावे लागले तर भोगावे लागतील, ते मी गोड करून सांगणार नाही.

आता तुम्ही जाता जाता लिहून टाकलेलं एक वाक्य. मंडळीचे खजिनदार तुम्हीच. याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण पत्रात सगळ्यात जास्त भीती मला तिथे वाटली. व्याजाचा हप्ता, ऑपरेशनची तारीख आणि कपाटात इमारत निधीची रोकड, हे तिन्ही एका घरात नसावं. मनात अजून काही आलं नसेल. येईल तेव्हा ते ‘दोन महिन्यांसाठी फक्त’ अशा रूपात येईल. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली आणि करिंथकरांना लिहिलं की प्रभूच्या दृष्टीनेच नाही, माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते आम्ही बघतो. पौलावर चोरीचा संशय होता म्हणून नव्हे, पैसा होता म्हणून. येत्या रविवारच्या आत पाळकांना भेटा, सगळी रोकड बँकेत भरून पावती द्या, वह्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. कारण खरं सांगा: “घरात मोठी अडचण आहे, या काळात हा पैसा माझ्या हातात नको.” हे ऐकून जो पाळक तुमच्याकडे संशयाने बघेल त्याला माणसं कळत नाहीत.

मंडळीला सांगायला लाज वाटते, हे मी समजू शकतो. पण प्रेषितांच्या कृत्यांतले हनन्या आणि सप्पीरा आठवा. त्यांनी शेत विकून थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे आणल्याचं भासवलं. शेत त्यांचं होतं, पैसे त्यांचे होते. विकायच्या आधी ते तुझंच होतं ना, असं पेत्र विचारतो. पैसे ठेवून घेतल्याबद्दल त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. मंडळीपुढे आहे त्याहून वेगळं दिसायचं होतं, आणि नवरा-बायकोने मिळून ते ठरवलं होतं. तुमच्या घरी तर मिळूनही ठरलेलं नाही. बायकोला आज आकडा सांगा, मुद्दल किती, व्याज किती, कुणाचं. ती रागावेल, एक-दोन दिवस बोलणार नाही. मग बहुधा तीच तुमच्यापेक्षा बरा मार्ग काढील. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलीत का? ना. वा. टिळकांसारख्या मोठ्या माणसाच्या घरातली पैशाची ओढाताण आणि भांडणं त्या बाईने इतक्या निर्मळपणे लिहिलीत की टिळक त्यामुळे जराही लहान होत नाहीत. असो.

सांगितल्याचा एक रोकडा फायदा. आपल्या बहुतेक मंडळ्यांत दोन-चार तरी परिचारिका असतात. तुम्ही तोंड उघडलं असतं तर त्यातल्या एखादीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं की लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी सावकाराच्या दारात जायची गरज सहसा पडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष येतात. शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकामार्फत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि डॉक्टरांचे कागद घेऊन त्याला भेटा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो, म्हणून तो तहसीलमधून आधीच काढून ठेवा. आणि ज्याच्याकडून व्याजाने घेतलेत त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे होते. मुद्दल मात्र बुडवायचं नाही. घेतलेलं परत द्यायचं, मग समोरचा कसाही असो.

राहिला मुलगा. अकरा वर्षांच्या पोराला घरात काय चाललंय ते तुम्हाला वाटतं त्याहून जास्त कळतं. दार लावून बोलता ते त्याला ऐकू येतं. त्याला सांगा की हृदयात एक छोटं छिद्र आहे, डॉक्टर ते बुजवणार आहेत, काही दिवस दुखेल, आई किंवा मी रात्रभर जवळ असू. तो विचारेल, “मी बरा होईन ना?” तेव्हा देवाच्या नावावर हमी देऊ नका. “येशू तुला नक्की बरं करणार, फक्त विश्वास ठेव” असं म्हणालात तर उद्या दुखलं की त्याला वाटेल विश्वास आपलाच कमी पडला, आणि त्या उपदेशकांचं ओझं तुम्ही त्याच्या छातीवर ठेवलेलं असेल. डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच त्याच्या भाषेत सांगा. तुम्हाला भीती वाटते का असं त्याने विचारलं तर म्हणा, “हो, मलाही वाटते, म्हणून मी देवाला रोज सांगतो, तूही सांग.” मग त्याच्याबरोबर प्रार्थना करा, दोन वाक्यांची पुरे. त्यातलं एक वाक्य त्याला म्हणू द्या आणि तो जे म्हणेल ते सुधारू नका.